मुंबईचा प्लेग, ३१ आठवडे आणि तीन आकडे

साथरोगांच्या गणितावरचं जवळपास कुठलंही पाठ्यपुस्तक घ्या, सुरुवातीच्या प्रकरणांत एक आलेख हमखास भेटतो. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर त्या त्या आठवड्यातले मृत्यू. ठिपके आधी रांगत जातात, मग झपाट्याने चढतात, टोकाला पोचतात आणि तितक्याच वेगाने खाली येतात. त्या ठिपक्यांमधून एक गुळगुळीत रेघ गेलेली असते. आलेख मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंचा आहे, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातला. नेमके ३१ आठवडे.

हा आलेख १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापून आला. लेखक दोघे: विल्यम ओगिल्व्ही केरमॅक आणि अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक. २०२० मध्ये टीव्हीवर रोज ‘आर व्हॅल्यू’, ‘शिखर कधी येणार’ ही भाषा ऐकू येत होती, तिचं मूळ बऱ्याच अंशी या निबंधात आहे. जगभरचे विद्यार्थी आजही मॉडेल शिकताना मुंबईचे हेच आकडे गिरवतात. एका अख्ख्या विद्याशाखेच्या पायाभूत निबंधात आपल्या शहराच्या मृत्यूंची नोंद उदाहरण म्हणून आली, म्हणून हे प्रकरण मराठी वाचकाने बारकाईने पाहावं असं मला मनापासून वाटतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. रेघ ठिपक्यांवरून छान जाते, पण साथ का ओसरली याचं जे कारण ती सुचवते ते मुंबईला लागू पडत नाही. लेखकांनी स्वतः तसा इशारा त्याच निबंधात दिला होता. आलेख पुढे गेला, इशारा मागे राहिला.

डॉक्टर, ज्याने गणित मागाहून धरलं

मॅकेंड्रिकचा जन्म १८७६ चा, एडिंबराचा. शिक्षण ग्लासगोला, वैद्यकाचं. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये तो दाखल झाला आणि १९०१ साली रोनाल्ड रॉसबरोबर मलेरियाविरोधी मोहिमेसाठी सिएरा लिओनला गेला. डास आणि मलेरिया यांचा संबंध सिद्ध करणारा हाच तो रॉस. साथींचा हिशेब समीकरणांनी मांडता येईल यावर त्याचा ठाम विश्वास होता आणि तो त्याने तरुण मॅकेंड्रिकमध्ये रुजवला. पुढे मॅकेंड्रिकने भारतात, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बराच काळ काम केलं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरचे उपचार हा त्या संस्थेचा मुख्य उद्योग. १९२० मध्ये आजारपणामुळे तो मायदेशी परतला आणि एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

केरमॅक तिथेच रसायनशास्त्रज्ञ होता, मॅकेंड्रिकपेक्षा बावीस वर्षांनी लहान. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याचे दोन्ही डोळे गेले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्यानंतरचं त्याचं सारं काम दुसऱ्याकडून वाचून घेऊन, मनात जुळवून, तोंडी सांगून झालेलं. १९२७ चा निबंध त्याच काळातला आहे, हे लक्षात ठेवून ती पानं चाळली की त्या समीकरणांकडे बघण्याची नजर बदलते.

आधी एक गाव: २२३ घरं

मुंबईकडे वळण्याआधी मॅकेंड्रिकचं आदल्या वर्षीचं एक उदाहरण पाहायला हवं. त्याची पद्धत सर्वांत नितळ तिथे दिसते आणि मुंबईच्या आलेखात काय उणं आहे हेही त्याच्या तुलनेत कळतं.

१९२६ साली एडिंबरा मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये त्याचा वैद्यकीय प्रश्नांना गणित लावण्याविषयीचा एक लांब निबंध आला. त्यात भारतातल्या एका गावातल्या पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीचा तक्ता आहे. गावात २२३ घरं. त्यांतल्या १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६.

पहिला प्रश्न असा, की ८६ रुग्ण २२३ घरांत केवळ योगायोगाने विखुरले असते तर तक्ता कसा दिसला असता? योगायोगाने घडणाऱ्या घटना कशा विखुरतात हे सांगणाऱ्या प्वासाँच्या नियमाने ते काढता येतं. सुमारे १५२ घरं रिकामी, ५८ घरांत एकेक, ११ घरांत दोन-दोन, तीन रुग्णांचं एखाद-दुसरं घर आणि चार रुग्णांचं एकही नाही. प्रत्यक्षात रिकामी घरं जास्त आहेत, एकेका रुग्णाची फारच कमी आणि दोन-तीन रुग्णांची जास्त. म्हणजे सगळी घरं सारख्याच धोक्यात होती हे गृहीतकच चुकलं.

मॅकेंड्रिकने मग रिकामी घरं बाजूला ठेवली. रिकाम्या घरांत दोन जातींची घरं मिसळलेली असणार: ज्यांना धोका होता पण जी नशिबाने वाचली ती, आणि ज्यांना मुळात धोकाच नव्हता ती. तक्त्यात दोन्ही सारखीच दिसतात. वेगळी कशी काढायची? त्याने वापरलेली युक्ती शाळकरी बेरीज-भागाकाराची आहे. प्रत्येक घराच्या रुग्णसंख्येचा वर्ग करून बेरीज घेतली तर १६६ येते. त्यातून ८६ वजा केले की ८०. आता ८६ चा वर्ग, म्हणजे ७,३९६, याला ८० ने भागा. उत्तर ९२.५ च्या जवळ. त्याने ९३ धरलं. गंमत अशी की शून्याचा वर्गही शून्यच, त्यामुळे १६८ रिकाम्या घरांचा या हिशेबात कुठेच हात लागत नाही. धोक्यातली घरं किती होती याचा अंदाज रुग्ण असलेल्या घरांवरूनच निघाला.

या ९३ घरांत ८६ रुग्ण योगायोगाने विखुरले तर काय दिसेल? ३७ घरं रिकामी, ३४ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ५ घरांत तीन-तीन, एका घरात चार. प्रत्यक्ष आकडे ३२, १६, ६ आणि १. इतकी जुळणी झाल्यावर मॅकेंड्रिकने निष्कर्ष मांडला: रोग बहुधा पाण्यातून पसरला, गावात अनेक विहिरी असाव्यात आणि २२३ पैकी ९३ घरं दूषित झालेल्या एकाच विहिरीचं पाणी पीत असावीत.

यावर आक्षेप घेता येतो. घरातल्या एकाकडून दुसऱ्याला लागण होत असेल तरी एकाच घरात दोन-तीन रुग्ण दिसतील; नुसता तक्ता हे दोन खुलासे वेगळे करू शकत नाही. पण मॅकेंड्रिकचा निष्कर्ष तपासता येण्याजोगा आहे, ही त्याची ताकद. गावात जा, कुठलं घर कुठल्या विहिरीवर पाणी भरतं ते विचारा, ९३ च्या आसपास घरं एका विहिरीची निघतात का बघा. निघाली नाहीत तर गणित खोटं. अपुऱ्या माहितीवरून दडलेले आकडे काढणाऱ्या ज्या पद्धतीला १९७७ मध्ये ‘ईएम अल्गोरिदम’ हे नाव मिळालं आणि जी आज संख्याशास्त्रात सर्रास वापरली जाते, तिचा एक आरंभीचा नमुना संख्याशास्त्रज्ञ याच उदाहरणात पाहतात. एका निनावी गावाच्या पटकीच्या तक्त्यातून हे निघालं.

मुंबईत काय चाललं होतं

मुंबईतला प्लेग प्रथम ओळखला तो मांडवीत, सप्टेंबर १८९६ मध्ये, डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. पुढची हकीकत आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे: घरझडत्या, सक्तीची छावणी, पुण्यात रँडचा खून, रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुल्यांचा झालेला मृत्यू. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिनने आपली लस ग्रँट मेडिकल कॉलेजात स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली.

आपल्या प्रकरणासाठी १९०५ हे साल महत्त्वाचं. त्या वर्षी प्लेगच्या संशोधनासाठी नवा आयोग नेमला गेला आणि परळच्या प्रयोगशाळेत काम सुरू झालं. आयोगाच्या माणसांनी मुंबईतून रोज उंदीर गोळा केले, फाडून तपासले, अंगावरच्या पिसवा मोजल्या. शीव, वडाळा, परळ, वरळी, म्हणजे आज जिथे उड्डाणपूल आणि मनोरे आहेत ती तेव्हाची गावं, घराघराने पाहिली. उंदीर कुठे पडला आणि माणूस कुठे आजारी झाला याची नोंद ठेवली. ‘घरात उंदीर पडला’ की लोक रानात झोपड्या टाकायला निघत. लोकांना अनुभवाने कळलेलं हे ज्ञान आयोगाने आकड्यांत उतरवलं. आधी गटारातल्या घुशींमध्ये रोग पसरतो, मग घरातल्या काळ्या उंदरांत, आणि उंदरांतली साथ चढल्यावर साधारण दहा ते चौदा दिवसांनी माणसांतली. मधला दुवा पिसूचा. गिनीपिगचे पिंजरे जमिनीवर ठेवले की प्राणी मरत. पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगले की वाचत.

म्हणजे १९०५-०६ ची साथ ही जगातल्या सर्वांत बारकाईने तपासल्या गेलेल्या प्लेगच्या साथींपैकी एक. तिचे साप्ताहिक मृत्यू वीस वर्षांनी एडिंबरात दोघांच्या हाती होते.

तीन खाने आणि एक सूत्र

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा मूळ प्रश्न मुंबईपुरता नव्हता. साथ येते, चढते, आणि सगळे लोक आजारी पडण्याआधीच ओसरते. का? तेव्हा दोन उत्तरं रूढ होती. लागण होण्याजोगी माणसंच संपली, किंवा जंतूचा जोर कमी झाला. दोघांनी दाखवलं की यांपैकी एकही मानण्याची गरज नाही.

त्यांनी लोकसंख्येचे तीन खाने केले: धोक्यातले, आजारी, आणि बाजूला झालेले, म्हणजे बरे होऊन प्रतिकारक्षम झालेले किंवा दगावलेले. धोक्यातले आणि आजारी यांच्या गाठीभेटींच्या प्रमाणात नवी लागण होते. आजारी माणसं ठरावीक दराने बाजूला होत जातात. एका आजारी माणसाकडून सुरुवातीला सरासरी किती जणांना लागण होते, या आकड्याला आज आपण आर-नॉट म्हणतो. तो १ पेक्षा मोठा असेल तर साथ चढते. धोक्यातल्यांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की साथ आपोआप उतरते, त्या वेळी पुष्कळ लोक लागणीविना शिल्लक असतात. जंतू तसाच, माणसं तशीच, तरी साथ संपते. लसीकरणाचं आजचं बरंचसं धोरण या उंबरठ्याच्या कल्पनेवर चालतं.

ही समीकरणं कागदावर सरळ सुटत नाहीत. साथ फार मोठी नाही असं धरून त्यांनी एक अंदाजी रूप काढलं आणि मुंबईच्या मृत्यूंना ते लावलं. नोंद झालेल्या रुग्णांपैकी निदान ८० ते ९० टक्के दगावतात, तेव्हा मृत्यूंचा आकडा हाच ‘बाजूला होण्याचा’ वेग मानायला हरकत नाही, असं त्यांनी नोंदवलं. सूत्र असं:

आठवड्याचे मृत्यू = ८९० × सेकएच² (०.२ × आठवडा − ३.४)

सेकएच म्हणजे हायपरबोलिक सेकंट. त्याचा वर्ग म्हणजे मध्यावर १ आणि दोन्ही बाजूंना सारखाच उतरत जाणारा घंटेच्या आकाराचा वक्र. हे सूत्र हाताने चालवून बघावं. आरंभी, आठवडा शून्य असताना, मृत्यू ४. बाराव्या आठवड्यात ३७४. कंसातली संख्या शून्य होते सतराव्या आठवड्यात, म्हणजे १९०६ च्या एप्रिलच्या मध्यावर. तिथे शिखर, ८९०. बाविसाव्या आठवड्यात पुन्हा ३७४. चढणीवर दर बारा दिवसांनी मृत्यू दुप्पट होत होते, हेही त्या ०.२ मधून निघतं. सगळी बेरीज ८,९०० च्या आसपास.

इशाऱ्याचा परिच्छेद

आलेखाच्या शेजारीच लेखकांनी आपली गृहीतकं मांडली आहेत. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं ते धरतात. मग उंदरांविषयी पाच गोष्टी. सगळे निरोगी उंदीर सारखेच धोक्यात होते. बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखी होती. आजारपणाच्या सगळ्या काळात लागण करण्याची आणि मरण्या-बरे होण्याची गती तीच राहिली. आजारी उंदीर एकतर मेला किंवा प्रतिकारक्षम झाला. आणि पिसवा इतक्या मुबलक होत्या की उंदराकडून उंदराला थेट संपर्कानेच लागण व्हावी तशी स्थिती होती.

पुढे ते स्पष्ट सांगतात की यांपैकी एकही गृहीतक काटेकोरपणे खरं नाही, सूत्र अगदी ढोबळ आहे, आणि त्यावरून स्थिरांकांच्या प्रत्यक्ष किमतींविषयी निष्कर्ष काढू नयेत.

मला हा परिच्छेद त्या निबंधातला सर्वांत मोलाचा वाटतो. वीस वर्षं भारतात काढलेल्या, साथी डोळ्यांनी पाहिलेल्या डॉक्टरचा हात त्यात दिसतो. पाठ्यपुस्तकांनी आलेख उचलला आणि हा मजकूर बहुतेक वेळा गाळला. विद्यार्थ्याच्या मनावर ठसतं ते एवढंच, की मॉडेल बरोबर आहे, कारण बघा, ते मुंबईला जुळतं.

उलटा हिशेब

लेखकांनी काढू नका म्हटलेले निष्कर्ष आपण मुद्दाम काढून बघू. इशारा का दिला होता ते त्यातूनच कळतं.

सूत्रात आकडे तीन: ८९०, ०.२, ३.४. मॉडेलमधल्या अज्ञात गोष्टी चार: सुरुवातीला धोक्यात किती, आजारी किती, लागणीचा वेग किती आणि बाजूला होण्याचा वेग किती. तिनांतून चार निघत नाहीत. एखादी बाहेरून धरावीच लागते.

प्रथम धरू की आजारपण सरासरी एक आठवडा टिकतं. मॉडेलच्या अंदाजी रूपात आर-नॉट वजा १ हे ०.४ गुणिले आजारपणाचे आठवडे इतकं येतं. म्हणजे आर-नॉट १.४. मग ८९० च्या शिखरावरून धोक्यातली संख्या निघते ती सुमारे २२ हजार. १९०६ च्या गणनेत मुंबईची वस्ती पावणेदहा लाखांच्या वर होती. मग हे २२ हजार कोण? माणसं म्हणावीत तर उरलेले साडेनऊ लाख धोक्याबाहेर का होते, याचं उत्तर मॉडेलमध्ये नाही. उंदीर म्हणावेत तर एका उंदरामागे किती माणसं दगावतात हा पाचवा अज्ञात उभा राहतो आणि २२ हजारांना काही अर्थच उरत नाही.

आता उलट बाजूने जाऊ. सगळी मुंबई धोक्यात होती असं मानू, सोयीसाठी दहा लाख. त्याच तीन आकड्यांतून आता आजारपणाचा काळ निघतो: दोन तासांपेक्षा थोडा कमी. आर-नॉट १.००४५. गाठीच्या प्लेगचा रुग्ण दोन तास लागण करतो आणि संपतो, हे कोणताही डॉक्टर मान्य करणार नाही. तरीही या दोन्ही हिशेबांतून कागदावर उमटणारी रेघ एकच आहे! तीच ८९०, तोच सतरावा आठवडा. मॉडेलच्या पोटात एकीकडे आठवडाभराचं आजारपण आणि २२ हजार जीव, दुसरीकडे दोन तास आणि दहा लाख. ठिपक्यांना याचा काही पत्ता नाही.

आणखी एक बाब. पहिल्या हिशेबात सूत्र म्हणतं की धोक्यातल्यांपैकी ४१ टक्के साथीत सापडले. आर-नॉट १.४ धरून मूळ समीकरणं नीट सोडवली तर उत्तर ५१ टक्के येतं. म्हणजे साथ फार मोठी नाही या समजुतीवर काढलेलं अंदाजी रूपही तिथे ताणलं गेलेलं आहे.

पटकीच्या गावाशी तुलना इथे करावी. तिथे गणिताने ९३ हा आकडा दिला आणि तो विहिरीवर जाऊन तपासता येत होता. मुंबईत गणिताने रेघ दिली, आणि त्या रेघेमागे परस्परविरोधी अनेक शहरं सारखीच बसतात.

उन्हाळा कुठे गेला?

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळी आहे. मॉडेलनुसार एप्रिलनंतर साथ उतरली, कारण धोक्यातले पुरेसे उरले नव्हते. पण मुंबईत प्लेग एकदाच आला नव्हता. १८९६ पासून तो जवळपास दर वर्षी येत होता: हिवाळ्यात चढायचा, उन्हाळ्याच्या तोंडाशी शिखर गाठायचा आणि पावसाळ्यापर्यंत ओसरायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दर वर्षी त्याच सुमारास धोक्यातली माणसं किंवा उंदीर संपतात आणि काही महिन्यांत पुन्हा भरतात, हा योगायोग किती वर्षं मानायचा?

आयोगाच्या माणसांनी परळला उंदरांच्या अंगावरच्या पिसवा मोजल्या होत्या त्या यासाठीच. प्लेगच्या मोसमात त्या वाढत, पुढे घटत. १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवलं की पिसूच्या पोटात जंतूंचा बोळा बसतो, भुकेली पिसू चावत सुटते आणि रोग पसरवते. तापमान, हवेतला दमटपणा, पिसूचं आयुष्य या सगळ्यांचा लागणीच्या वेगावर परिणाम होतो. लागणीचा वेग वर्षभर स्थिर धरणाऱ्या समीकरणाला यातलं काही दिसत नाही. शहर बंदिस्त आहे हेही त्या समीकरणाने धरलेलं. उन्हाळ्यात गावी निघणारे रत्नागिरीचे गिरणी कामगार त्यात बसत नाहीत.

एक तपशील मला पुन्हा पुन्हा आठवतो. रॉयल सोसायटीकडे हा निबंध सादर केला तो सर गिल्बर्ट वॉकर यांनी. १९०४ ते १९२४ अशी वीस वर्षं भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख. मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या हवेच्या दाबांचे संबंध शोधणारे, प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबातल्या चढउताराला ‘दक्षिणी दोलन’ हे नाव देणारे. भारताचे ऋतू आकड्यांत मांडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या हातून हा निबंध गेला, आणि त्यातल्या मुंबईच्या आलेखात ऋतूच नाहीत. मी यात कुणाला दोष देत नाही. निबंधाचा मुख्य भाग दुसराच आहे: लागण होऊन किती काळ लोटला यानुसार बदलणारे वेग धरणारं व्यापक समीकरण आणि उंबरठ्याचं प्रमेय. मुंबईचा आलेख त्यात जेमतेम एका पानाचा धनी. लेखकांनी तो उदाहरण म्हणून दिला, पुरावा म्हणून नाही.

२०१२ मध्ये निकोला बकाएर या फ्रेंच गणितज्ञाने ‘जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल बायॉलॉजी’मध्ये हे प्रकरण नव्याने उघडलं. मूळ सूत्रातून निघणाऱ्या किमती जीवशास्त्राशी जुळत नाहीत हे त्याने दाखवलं आणि उंदीर, पिसवा, माणसं व ऋतुमान यांचा समावेश करणारं मॉडेल मांडलं. पंच्याऐंशी वर्षं शिकवल्या गेलेल्या आलेखाकडे कुणीतरी तो खरोखर काय सांगतो या नजरेने पाहिलं, याचं मला समाधान आहे. इतका काळ का लागला याचं वाईटही वाटतं.

२०२० च्या उन्हाळ्यात आपण हाच अनुभव घेतला. काही आठवड्यांच्या ठिपक्यांमधून घंटेसारखी रेघ ओढायची, ती पुढे वाढवायची आणि साथ अमुक तारखेला संपेल म्हणून सांगायचं, असे आलेख व्हॉट्सअॅपवर फिरत होते. सममित वक्राला शिखराच्या आधीचे ठिपके दिले की तो शिखरानंतरचं सगळं स्वतःच्या आकारातून रचतो. त्यात शहराविषयीची माहिती नसते. मुंबईत जून १९०६ मध्ये मृत्यू उतरले, पण साथ पुढच्या मोसमात परतली. ३१ आठवड्यांची चौकट तिथेच तोडलेली असल्यामुळे आलेखात ते दिसत नाही.

पुढे काय करता येईल

मॉडेल शिकवणं सोडावं असं मी मुळीच म्हणणार नाही. तीन खान्यांचं समीकरण सुंदर आहे आणि उंबरठ्याची कल्पना खरी आहे. पण वर्गात मुंबईचा आलेख दाखवायचा तर सोबत तो इशाऱ्याचा परिच्छेद वाचून दाखवावा, आणि विद्यार्थ्यांना रेघ जुळवायला सांगण्याआधी उलटा हिशेब करायला द्यावा: दहा लाख धरले तर आजारपण किती तासांचं येतं? दोन तासांचं उत्तर स्वतःच्या वहीत उतरलं की विद्यार्थी पुढच्या आयुष्यात जुळलेल्या कुठल्याही वक्राला तोच प्रश्न विचारतो. पाठोपाठ पटकीच्या गावाचा तक्ता द्यावा. त्याला पाच मिनिटं आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

शिवाय मूळ सामग्री संपलेली नाही. परळच्या उंदरांच्या आणि पिसवांच्या नोंदी आयोगाने १९०६ पासून ‘जर्नल ऑफ हायजिन’मध्ये छापल्या, मृत्यूंचे आकडे नगरपालिकेचे, आणि हवामानाची नोंद ठेवणारी कुलाब्याची वेधशाळा तेव्हाही होती. शहर तेच, वर्ष तेच. संख्याशास्त्राच्या किंवा समाजवैद्यकाच्या एखाद्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रकल्पासाठी या नोंदी शेजारी शेजारी मांडाव्यात, लागणीचा वेग महिन्यागणिक बदलू द्यावा, आणि १९०५-०६ च्या जोडीला आधीचा नि नंतरचा मोसमही घ्यावा. उंदरांची साथ दहा-चौदा दिवस आधी चढलेली त्यात दिसते का, आणि एप्रिलनंतरची उतरण किती पिसवांमुळे व किती उंबरठ्यामुळे, हे दोन प्रश्न त्या तक्त्यावर सरळ विचारता येतात.